काम येणारा अध्यक्ष : सातोरू इवाता यांचा वारसा

(केळवे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. व्हिडिओ गेमच्या कंपनीचा अध्यक्ष? स्मृतिव्याख्यानात? त्यांची शंका रास्त होती. घरोघरी पालक ज्या वस्तूवरून पोरांशी भांडतात, त्या वस्तूच्या कारखानदाराचं गुणगान कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे होते. उत्तर बरोबर आलं तरी "आलं कसं ते सांग" म्हणून फळ्याजवळ उभं करायचे, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. सातोरू इवाता हा माणूस आयुष्यभर हाच प्रश्न विचारत राहिला. आधी यंत्राला, मग माणसांना. आणि समोर बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत, अणुवीज केंद्रात कामाला असलेली बरीच मंडळी बसली आहेत. आपल्या वर बसलेल्या माणसाला आपलं काम कळतं की नाही, या गोष्टीचा पगारापासून झोपेपर्यंत कशाकशावर परिणाम होतो, हे त्यांना मी सांगायला नको.

जपान लांबचा देश आहे असंही समजू नका. आपल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं जपानच्या नीगाता भागातल्या मिथिला म्युझियममध्ये आहेत. चित्रं आपल्याकडून तिकडे गेली, आणि तिकडून आपल्याकडे काय आलं, तर एक करडा डबा.

चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायचा हा डबा पालघर-बोईसरच्या बाजारात मिळायचा. ज्याच्या घरी तो असे त्याची गल्लीत वट असे. वरून पिवळी कॅसेट खोचायची. चालली नाही तर काढून फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. कॅसेटवर 'नऊशे नव्व्याण्णव गेम' असं छापलेलं असे आणि आत तेच पंधरा-वीस गेम नावं बदलून फिरत असत. मारिओ असे, बदकं मारायचा गेम असे, कॉन्ट्रा असे. आणि त्यात हमखास एक फुग्यांचा गेम असे. पाठीला दोन फुगे बांधलेला छोटा माणूस, बटण दाबलं की हात फडफडवत वर जायचा, सोडलं की हळूहळू खाली यायचा. पाण्याच्या फार जवळ गेला की खालून मोठा मासा येऊन त्याला गिळायचा.

तो गेम 'बलून फाइट'. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी, म्हणजे फॅमिकॉमसाठी, त्याचा प्रोग्राम ज्यानं लिहिला तो माणूस म्हणजे सातोरू इवाता. आपले डबे फॅमिकॉमच्या विनापरवाना नकला होत्या. निन्टेन्डोला त्यातून दमडी मिळाली नाही. पण इवातांच्या हातचं काम त्यांचं नावही ठाऊक नसलेल्या पोरांनी इथे तासन् तास खेळलं. मीही त्यातलाच. पुढे पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करू लागलो तेव्हा कळलं की त्या फुगेवाल्या माणसाच्या तरंगण्यात काय कसब होतं.

ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं यातून निघतं. त्या यंत्राचा पडदा २५६ ठिपके रुंद. पडद्यावरचा माणूस एका ठिपक्यावर असतो किंवा दुसऱ्यावर. मधे जागाच नाही. त्यामुळे साध्या हिशेबानं त्याला हलवला तर तो धक्के खात चालतो. इवातांनी हिशेब ठिपक्यांत ठेवला नाही, ठिपक्याच्या अपूर्णांकात ठेवला. आतल्या हिशेबात माणूस सव्वातीन ठिपक्यांवर, साडेतीनवर, पावणेचारवर सरकतो. पडद्यावर मात्र त्यातला पूर्ण आकडाच दिसतो. त्यामुळे वेग हळूहळू वाढतो, हळूहळू ओसरतो आणि डोळ्याला ते तरंगणं वाटतं. हे सगळं चाळीस किलोबाइटांच्या आत. तुमच्या फोनवर सकाळी येणारं शुभेच्छांचं एक चित्रसुद्धा बहुधा याहून मोठं असतं. दुकानांत ठेवायच्या मोठ्या यंत्रासाठी हाच गेम तोशिहिको नाकागो यांच्या चमूनं केला होता. इवातांचा घरगुती गेम आपल्यापेक्षा गुळगुळीत चालतो हे पाहून नाकागोंनी त्यांना सरळ विचारलं, हे केलं कसं? इवातांनी हातचं न राखता समजावून दिलं. तीच युक्ती मग 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये मारिओ पाण्यात पोहतो त्या भागात वापरली गेली.

इवातांचा जन्म ६ डिसेंबर १९५९चा, सापोरोचा. होक्काइदो म्हणजे जपानचं उत्तरेचं बर्फाळ बेट. वडील सरकारी अधिकारी, पुढे मुरोरान शहराचे महापौर. शाळेत असताना या पोरानं हॉटेलात भांडी घासून पैसे साठवले, उरलेले वडिलांनी घातले आणि ह्युलेट-पॅकार्डचा प्रोग्राम करता येणारा कॅल्क्युलेटर घेतला. पडदा म्हणजे लाल आकड्यांची एक ओळ. त्या ओळीवर त्यानं बेसबॉलचा खेळ बनवला. वर्गात शेजारच्या बाकावर एक मित्र होता. तो खेळायचा, हसायचा, चुका काढायचा. पुढे इवाता म्हणत की तो मित्र भेटला नसता तर आपण या वाटेला लागलो नसतो. पहिलं गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असणं ही मोठी चैन आहे. आज आमच्या धंद्यात लाखो गिऱ्हाइकं असतात, पण शेजारी बसून हसणारं एकही नसतं.

टोकियोच्या तंत्रविद्यापीठात शिकताना हा मुलगा इकेबुकुरोमधल्या सेइबू नावाच्या मोठ्या दुकानात संगणकाच्या विभागात पडीक असायचा. तिथे जमणाऱ्या टोळक्यातल्या काहींनी १९८०मध्ये एक चिमुकली कंपनी काढली, हॅल लॅबोरेटरी. इवाता आधी तिथे फावल्या वेळात काम करू लागले आणि १९८२मध्ये पदवी घेतल्यावर कायमचे. महापौरांचा मुलगा, नामांकित विद्यापीठाचा पदवीधर, आणि नोकरी कुठे? एका खोलीतल्या, नाव न ऐकलेल्या कंपनीत! वडील सहा महिने बोलले नाहीत. (पालघरमध्ये असतं तर गोष्ट सहा महिन्यांवर भागली नसती, असं मला आपलं वाटतं.)

इथे नशिबाचाही भाग आहे. विद्यार्थिदशेत इवातांनी ज्या कमोडोर संगणकावर हात बसवला होता, त्याच्या आतली चिप ६५०२ नावाची होती. जपानात त्या वेळी दुसऱ्याच एका चिपचा बोलबाला होता. १९८३मध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला आणि त्यात निघाली ६५०२च्याच जातकुळीतली चिप. तिचे बारकावे हातात असलेली माणसं देशात मोजकी होती आणि त्यातला एक हॅलच्या त्या खोलीत बसला होता. हॅलची माणसं क्योटोला निन्टेन्डोकडे जाऊन काम द्या म्हणाली आणि काम मिळालं. पिनबॉल, गोल्फ, बलून फाइट हे सगळं त्यानंतरचं. गोल्फच्या अठरा मैदानांचा नकाशा कॅसेटमध्ये मावणार नाही असं मानलं जात होतं. इवातांनी तो बसवून दाखवला. प्रोग्रामरनं पहिल्या दमात "होणार नाही" म्हणू नये, असं त्यांचं मत होतं. हे मत मला पूर्ण पटत नाही. ते इवातांसारख्याच्या तोंडी शोभतं. साहेबानं ते कानात साठवून शुक्रवारी संध्याकाळी हाताखालच्यावर फेकलं की त्याची पिळवणूक होते.

आता कर्जाची गोष्ट.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅल बुडायला आली. खर्च वाढले, गेम खपले नाहीत आणि डोक्यावर दीड अब्ज येनचं कर्ज झालं. तेव्हा निन्टेन्डोचे अध्यक्ष होते हिरोशी यामाउची. निन्टेन्डो ही १८८९मध्ये क्योटोत हानाफुदा नावाचे पत्ते छापणारी कंपनी म्हणून सुरू झालेली, आणि यामाउची १९४९पासून तिच्या गादीवर. ते स्वतः व्हिडिओ गेम खेळत नसत. पण माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हॅलला हात देताना त्यांनी अट घातली की अध्यक्ष इवाता होणार. १९९३मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, व्यवस्थापनाचा गंध नसलेला प्रोग्रामर कर्जबाजारी कंपनीचा प्रमुख झाला.

अशा वेळी लोक काय करतात? सल्लागार नेमतात, माणसं कमी करतात, भिंतीवर नवं घोषवाक्य लावतात. इवातांनी कंपनीतल्या ऐंशी-नव्वद जणांशी एकेकट्यानं बोलायला सुरुवात केली. प्रत्येकाशी, बंद खोलीत. कुणाशी वीस मिनिटं, कुणाशी तीन तास. सुरुवातीचा प्रश्न साधा असे : तू इथे आनंदात आहेस का? मग तो माणूस जे बोलेल ते ऐकायचं. हा प्रकार त्यांनी वर्षातून दोनदा, अध्यक्ष असेपर्यंत चालू ठेवला.

कामगार संघटनेत वर्षं घालवलेल्यांना यात नवल वाटणार नाही. साहेबानं विचारपूस केली, चहा पाजला, पुढे काय? पुढचं महत्त्वाचं आहे. इवाता त्या खोलीत विचारपूस करायला बसले नव्हते. काम कुठे अडतं ते शोधत होते. प्रोग्राम बिघडला की प्रोग्रामर काय करतो? यंत्रावर चिडत नाही. एकेक ओळ तपासतो, कारण बिघाड सांगितलेल्या जागी क्वचितच असतो. कंपनी आजारी आहे म्हणजे कुठल्या तरी जोडणीत माहिती पोचत नाही, अशा नजरेनं ते माणसांकडे पाहत होते. आणि ते स्वतः प्रोग्राम लिहीत असल्यामुळे समोरच्याला थापा मारता येत नव्हत्या आणि मारायची गरजही पडत नव्हती. अडलेला म्हणायचा "अमुक भागात रुतलोय", आणि अध्यक्षाला तो भाग काय ते कळायचं. नुसत्या कनवाळू साहेबाकडे ही दुसरी गोष्ट नसते. नुसत्या हुशार साहेबाकडे पहिली नसते.

केळवे-माहीमच्या पानवेलीच्या वाड्या बघा. जो मालक स्वतः वेल बांधायला वाकतो त्याला पान पिवळं का पडलं ते गड्यानं सांगायच्या आधी दिसतं. जो मुंबईहून महिन्याला येऊन करंड्या मोजतो त्याला फक्त करंड्या कमी झालेल्या दिसतात. इवाता पहिल्या जातीचे.

सहा वर्षांत कर्ज फिटलं.

त्या सहा वर्षांतली एक गोष्ट आमच्या धंद्यात सगळे सांगतात. जाहिरातलेखक आणि साहित्यिक शिगेसातो इतोई यांचा 'मदर २' हा गेम काही वर्षं रखडला होता. चित्रं होती, संगीत होतं, संवाद होते, पण सगळं मिळून चालत नव्हतं. इवातांना बोलावलं. त्यांनी सगळं तपासलं आणि दोन मार्ग पुढे ठेवले. आहे तेच दुरुस्त करत नेलं तर दोन वर्षं लागतील. मुळापासून नव्यानं लिहिलं तर अर्धं वर्ष. निवड तुमची. यातलं सौजन्य बघा. त्यांना उत्तर माहीत होतं. पण ज्यांनी रात्री जागून ते आधीचं लिहिलं होतं ती माणसं त्याच खोलीत होती, आणि त्यांच्या तोंडावर "फेकून द्या" म्हणणं इवातांनी टाळलं. त्यांनी नव्यानं लिहिलं, तेही एकट्यानं हिरो होण्यासाठी नव्हे. इतरांना भराभर बदल करून बघता येतील अशी हत्यारं आधी बनवून दिली. गेम १९९४मध्ये आला. इतोई शेवटपर्यंत त्यांचे जिवलग राहिले.

पोकेमॉनबद्दलच्या दंतकथाही पुष्कळ आहेत, त्यातल्या काही फुगवलेल्या. खात्रीची एक सांगतो. पोकेमॉनची लढाई हातातल्या गेम बॉयवरून टीव्हीच्या मोठ्या यंत्रावर न्यायची होती. मूळ प्रोग्रामचं धड टिपण नव्हतं. इवातांनी, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या अध्यक्षांनी, तो कोड वाचला, समजून घेतला आणि आठवड्याभरात लढाई नव्या यंत्रावर चालवून दाखवली. पोकेमॉन बनवणाऱ्या माणसांना प्रश्न पडला, हा अध्यक्ष आहे की प्रोग्रामर?

२०००मध्ये ते निन्टेन्डोत दाखल झाले. पुढच्या वर्षी हॅलमधला एक गेम ठरलेल्या तारखेला पुरा होईना, तेव्हा निन्टेन्डोच्या नियोजन विभागाचा हा प्रमुख यामानाशीतल्या हॅलच्या कचेरीत जाऊन तीन आठवडे पोरांबरोबर बसला आणि चुका काढत राहिला. तो 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले'. त्यांच्या हातचं ते शेवटचं प्रोग्रामिंग. मे २००२मध्ये यामाउचींनी गादी सोडली आणि ११३ वर्षांत प्रथमच घराण्याबाहेरचा माणूस, बेचाळिसाव्या वर्षी, निन्टेन्डोचा अध्यक्ष झाला.

तेव्हा सोनीचं प्लेस्टेशन २ बाजार खात होतं आणि मायक्रोसॉफ्टही उतरलं होतं. सगळ्यांची चढाओढ एकाच गोष्टीची होती : आणखी वेगवान यंत्र, आणखी खरी चित्रं. इवातांचं निदान वेगळं होतं. जपानात गेम खेळणारेच कमी होत चालले होते. बटणं वाढली, गेम अवघड झाले, आणि ज्यांनी मधे खेळणं सोडलं त्यांना परतीचा दरवाजा राहिला नाही. म्हणून त्यांनी विचारलं : जे खेळत नाहीत ते का खेळत नाहीत?

याचं पहिलं उत्तर डीएस, २००४चं. दोन पडदे, त्यातल्या एकाला काडीनं स्पर्श करायचा. सेन्दाईच्या तोहोकू विद्यापीठातले मेंदूचे अभ्यासक र्‍यूता कावाशिमा यांच्या पुस्तकाची जपानी वडीलधाऱ्यांत चलती होती. त्यावरून छोट्या चमूनं काही महिन्यांत भराभर बेरजा-वजाबाक्या करायचा गेम बनवला. त्यानं मेंदू खरोखर तल्लख होतो का यावर शास्त्रज्ञांत वाद आहे आणि जाहिरातींनी जरा जास्तच उड्या मारल्या, हे मान्य करायला हवं. पण ज्या आजोबांनी जन्मात गेमच्या दुकानाची पायरी चढली नव्हती ते दुकानात गेले. या गेमच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि डीएस यंत्रं पंधरा कोटी चाळीस लाख.

दुसरं उत्तर २००६चं वी. या यंत्राच्या रचनेमागे खरी मालकीण कोण होती म्हणाल तर आई. जपानी दिवाणखान्यात आई आणि गेमचं यंत्र यांचं वैर असतं : वायरींचा गुंता, आवाज, पसारा. म्हणून यंत्र दोन-तीन डीव्हीडीच्या डब्यांइतकं लहान हवं, असं इवातांनी आकड्यासकट सांगितलं. खेळायचं साधन टीव्हीच्या रिमोटसारखं, कारण रिमोटला हात लावायला घरात कुणी भीत नाही. यंत्र रात्री इंटरनेटवरून आपोआप नवं काही उतरवून घेणार होतं. इवातांचा आग्रह की तेव्हा पंखा फिरता कामा नये, कारण आवाज आला तर आई प्लग काढेल. "आई प्लग काढेल" हा मुद्दा जगातल्या एका मोठ्या कंपनीच्या तांत्रिक बैठकीत गंभीरपणे चर्चेला आला, यातच त्या माणसाची ओळख आहे. इंजिनीअरनी कुरकुर केली आणि मग करून दाखवलं. वी दहा कोटींवर खपलं. वृद्धाश्रमांत म्हातारी मंडळी रिमोट फिरवून बोलिंग खेळू लागली.

याच काळात त्यांनी आणखी एक उद्योग केला. नवीन यंत्र किंवा गेम आला की तो करणाऱ्यांच्या मुलाखती अध्यक्ष स्वतः घेई आणि त्या छापून लोकांपुढे ठेवी. यंत्राची बिजागरी करणारा, आवाज करणारी, पुठ्ठ्याचं खोकं आखणारा, अशी माणसं त्यात बोलतात. हॅलच्या बंद खोलीतला प्रश्न त्यांनी उघड्यावर आणला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कितीतरी चांगल्या वस्तू होतात. त्या कुणी कशा केल्या याचं एक पानही कुठे सापडत नाही. असो.

आता दुसरी बाजू, कारण नुसती आरती म्हणायला मी आलो नाही.

२०११मध्ये थ्रीडीएस हे यंत्र पंचवीस हजार येनला काढलं आणि ते पडून राहिलं. सहा महिन्यांच्या आत किंमत पंधरा हजारांवर आणावी लागली. इवातांनी आपला पगार निम्मा केला. ज्यांनी आधी महाग घेतलं होतं त्यांना वीस जुने गेम फुकट दिले. त्यात बलून फाइटही होता. २०१२मध्ये वी यू आलं आणि ते तर साफ कोसळलं. एक कोटी पस्तीस लाखांवर त्याचा संसार आटोपला. लोकांना ते नवं यंत्र आहे की जुन्याचंच उपकरण हेसुद्धा कळलं नाही. जो माणूस आईच्या नजरेनं यंत्र बघायचा, त्याला हे दिसू नये? पण असं होतं. दहा वर्षं वर बसल्यावर शेजारच्या बाकावरचा मित्र दिसेनासा होतो. फोनवरच्या गेमकडेही त्यांनी फार काळ पाठ फिरवली. कारण चुकीचं नव्हतं : गेमची किंमत शून्यावर आली की बनवणाऱ्याच्या कामाची किंमतही जाते, अशी त्यांना भीती होती. मात्र तोवर सगळी नवी पिढी फोनवर गेली.

२०१३च्या भागधारकांच्या सभेत विचारलं गेलं, खर्च कमी करायला माणसं का काढत नाही? त्यांचं म्हणणं असं की कपात केली तर ताळेबंद काही काळ बरा दिसेल, पण नोकरी जाईल या धास्तीत बसलेल्या माणसाच्या हातून लोकांना थक्क करणारं काही घडणार नाही. जानेवारी २०१४मध्ये त्यांनी पुन्हा पाच महिन्यांसाठी पगार निम्मा केला. दरवर्षी ही गोष्ट फिरवली जाते, फोटोसकट. पण त्याच वर्षी जर्मनीतलं निन्टेन्डोचं युरोपीय मुख्यालय हलवताना सुमारे १३० जणांच्या नोकऱ्या गेल्या, हे त्या फोटोखाली कुणी लिहीत नाही. भरपाई मिळाली असेल, कारणंही असतील. तरी संत करण्याची घाई नको. त्यांचं मोठेपण संतपणात नाहीच.

तिकडून इकडे येऊ. आपल्याकडे गेमची कंपनी म्हणजे काय? मुंबईत १९९९मध्ये विशाल गोंडल यांनी इंडियागेम्स सुरू केली, तेव्हा या धंद्याला देशात नावही नव्हतं. साध्या मोबाइलवर चालतील असे छोटे गेम त्यांनी करून दाखवले. पुढे ती कंपनी यूटीव्हीकडे आणि तिथून डिस्नेकडे गेली. पायवाट पडली हे खरं. पण मधल्या काळात आपल्याकडे 'गेमिंग'चा अर्थ झाला पैसे लावणं. क्रिकेटचे संघ बनवा, रमी खेळा, जिंका. सर्वांत श्रीमंत कंपन्या याच होत्या, आणि त्यांच्या जाहिराती करणारे आपले लाडके खेळाडू. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा वर्तमानपत्रांनी मथळा दिला, गेमिंग उद्योग संकटात. जुगार संकटात आला होता. गेम बनवणारी पोरं पुण्या-मुंबईच्या छोट्या कचेऱ्यांत होती तशीच काम करत होती.

त्यातल्याच एका कचेरीचं नाव नोडिंग हेड्स गेम्स, पुणे. तिथल्या छोट्या चमूनं 'राजी' नावाचा गेम करायला घेतला. सर्कशीतली एक मुलगी राक्षसानं पळवलेल्या भावाला शोधायला निघते. पाठीशी दुर्गा आणि विष्णू. लोकवर्गणीची त्यांची मोहीम फसली, पैसे जमले नाहीत, तरी काम थांबलं नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो गेम जगापुढे आला, आणि आला तो सर्वांत आधी निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर. त्या वर्षीच्या जागतिक पुरस्कारांत पहिलाच स्वतंत्र गेम करणाऱ्यांच्या गटात त्याला नामांकन होतं.

स्विचची पहिली वाच्यता इवातांनीच केली होती. १७ मार्च २०१५ रोजी, फोनवरच्या गेमसाठी दुसऱ्या कंपनीशी करार जाहीर करताना, आम्ही एक नवं यंत्र करतो आहोत आणि त्याचं तात्पुरतं नाव एनएक्स आहे, एवढंच ते म्हणाले. प्रकृती तेव्हाच ढासळलेली होती. आदल्या वर्षी पित्तनलिकेतल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली होती. ११ जुलै २०१५ रोजी क्योटोत ते गेले. वय पंचावन्न. मार्च २०१७मध्ये यंत्र बाजारात आलं आणि पंधरा कोटींच्या पुढे गेलं. त्याच्या अंतर्भागात कुणा प्रोग्रामरनं इवातांचा जुना गोल्फ लपवून ठेवला होता. ११ जुलै या तारखेला, ते भाषणात करत तसे हात पुढे केले की तो उघडत असे. शोधणाऱ्यांनी तो शोधला आणि पुढच्या दुरुस्तीत कंपनीनं काढून टाकला.

एक शंका तुमच्या मनात आलीच असेल, माझ्याही आहे. इवातांनंतर अध्यक्ष झाले तात्सुमी किमिशिमा, मूळचे बँकेतले. २०१८पासून आहेत शुंतारो फुरुकावा, हिशेब आणि नियोजनातून वर आलेले. दोघेही प्रोग्रामर म्हणून वर आलेले नाहीत. आणि निन्टेन्डो त्यांच्या हाताखाली इवातांच्या उतरत्या वर्षांपेक्षा कितीतरी जोरात चालली. मग 'काम येणारा अध्यक्ष' ही सगळी बढाईच म्हणायची का?

मला तसं वाटत नाही, पण माझं उत्तर सगळ्यांना पटेलच असं नाही. किमिशिमांनी सूत्रं घेतली त्याच वेळी मारिओचे जनक शिगेरू मियामोतो आणि यंत्रांचे जाणकार गेन्यो ताकेदा यांना कंपनीत खास सल्ल्याचं पद दिलं गेलं. म्हणजे वरच्या खुर्चीला कोड वाचता येत नसेल, तर ज्यांना येतो त्यांचं वजन त्या खुर्चीजवळ हवं, एवढं त्या कंपनीला कळत होतं. ते कळलं कुठून, तर वर्षानुवर्षं अध्यक्षानं बिजागरी करणाऱ्याला समोर बसवून "हे केलं कसं" विचारल्यामुळे. बँकेतल्या माणसानं आपल्याला काय येत नाही हे ओळखलं. हे ओळखायला प्रोग्रामिंग लागत नाही. पण आधी कुणी तरी ते येणारा माणूस त्या खुर्चीत बसून गेलेला असला तर पुष्कळ सोपं जातं.

वेळ संपली आहे. प्रश्न घेऊ या. आणि सभेच्या अध्यक्षांची हरकत नसेल तर पहिले प्रश्न मागच्या रांगेतल्या शाळकरी मुलांचे. एवढा वेळ फोन खिशात ठेवून बसली आहेत बिचारी.